विश्लेषण : कराची ते मुंबई १९३२ मध्ये सव्वासात तासांत, मग आज त्याहून अधिक वेळ का? जेआरडी टाटा आणि एका हवाई वाटेची कहाणी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा अर्थात जेआरडी टपालाची पिशवी घेऊन सकाळी कराचीहून विमानाने निघाले आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादेत थांबून, बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील इंधन भरूनही त्यांना सव्वासात तास पुरले. आजचे जेट विमान हेच अंतर दीड तासात कापू शकते. प्रत्यक्षात मात्र कराचीहून मुंबईला यायचे तर दुबईसारख्या तिसऱ्याच देशातील शहरामार्गे यावे लागते आणि जेआरडींच्या एका इंजिनाच्या विमानापेक्षा जास्त वेळ लागतो. अंतर तेच, विमाने कितीतरी वेगवान, तरी प्रवास लांबला. ही वाट कशी सुरू झाली, कशी भरभराटली आणि कशी बंद पडली, याचा मागोवा जेआरडींच्या आयुष्यातूनच घेता येतो.

कराची आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर किती?

दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. ही सरळ रेषा कच्छच्या किनाऱ्यालगत, सौराष्ट्रावरून आणि पुढे खंबातच्या आखाताच्या तोंडावरून मुंबईला येते. तुलनेसाठी, मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आणि कराची ते इस्लामाबाद सुमारे ११०० किलोमीटर आहे. म्हणजे ही दोन्ही शहरे आपापल्या राजधानीपेक्षा एकमेकांना जवळ आहेत. 

जवळीक केवळ नकाशावरची नव्हती. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची, अहमदाबाद आणि मुंबई या तिन्ही शहरांचा कारभार एकाच प्रांतिक सरकारकडे होता. सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे. त्यामुळे १९३२ मध्ये जेआरडींनी केलेला प्रवास हा दोन देशांमधला नव्हता. तो एकाच प्रांतातील दोन बंदरांमधला होता.

जेआरडींना विमानाचे वेड कोठून लागले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातील सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. पाच भावंडांमध्ये जेआरडी दुसरे. त्यांचे बालपण बरेचसे फ्रान्समध्ये गेले. इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावरील आर्देलो या गावी टाटा कुटुंबाचे सुट्टीतले घर होते आणि त्याच गावात लुई ब्लेरियो यांचेही घर होते. 

ब्लेरियो यांनी २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्समधील कॅलेजवळून इंग्लंडमधील डोव्हरपर्यंत विमानाने खाडी ओलांडली. त्यांना ३७ मिनिटांच्या आसपास वेळ लागला. दोन शेजारी देशांमधील समुद्र विमानाने इतक्या थोड्या वेळात पार होऊ शकतो, हे युरोपाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्या वेळी जेआरडींना पाच वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. ब्लेरियो यांची विमाने आर्देलोच्या वाळूवर उतरत आणि ती पाहायला मुले जमत. पुढे वयाच्या पंधराव्या वर्षी त्याच गावी जेआरडींना विमानात बसण्याची संधी मिळाली. काही मिनिटांच्या त्या फेरीनंतर आपण वैमानिक व्हायचे, हे त्यांनी मनाशी पक्के केले.

मात्र लगेच तसे घडले नाही. १९२३ मध्ये आईचे निधन झाले. जेआरडींना केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकायची होती, पण वडिलांनी १९२५ च्या अखेरीस त्यांना मुंबईला बोलावून टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवारीवर ठेवले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांसह घराची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि पदवी घेण्याचे राहून गेले ते कायमचे. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. 

पहिला वैमानिक परवाना कसा मिळाला?

त्याच सुमारास मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. प्रशिक्षकासोबत पावणेचार तास उडून झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान चालवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेमार्फत देण्यात आलेल्या या परवान्याचा क्रमांक होता १. पुढे टाटा समूहाची धुरा, अनेक सन्मान आणि पुरस्कार त्यांच्याकडे आले. पण या छोट्या निळ्या परवान्याचे मोल त्यांच्या लेखी वेगळेच राहिले.

आगा खान स्पर्धेत काय घडले?

१९२९ च्या नोव्हेंबरमध्ये आगा खान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांच्यातील प्रवास ठरावीक मुदतीत, एकट्याने विमान चालवून सर्वांत आधी पूर्ण करणाऱ्या भारतीयाला ते मिळणार होते. दिशा कोणतीही चालणार होती. या स्पर्धेत तिघे उतरले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनीअर आणि जेआरडी. मनमोहन सिंग आणि अस्पी इंग्लंडहून निघाले, तर जेआरडी मे १९३० मध्ये कराचीहून. भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी कराची हाच उंबरठा होता, म्हणून सुरुवात तिथून.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथे जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तिथे अडकून पडले होते. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि सुटे प्लग जवळ नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि दोघे आपापल्या दिशेने निघाले. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. मनमोहन सिंग यांनी प्रवास पूर्ण केला, पण मुदत उलटून गेली होती. अवघे सतरा वर्षांचे अस्पी पुढे हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात भारताचे हवाई दलप्रमुख झाले. जेआरडींनी बक्षीस गमावले, पण कराचीच्या पश्चिमेकडची संपूर्ण वाट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुढच्या कामात हा अनुभव उपयोगी पडला.

टपाल कराचीपर्यंतच का येत होते?

ब्रिटनच्या इम्पिरियल एअरवेज कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची हवाई सेवा सुरू केली. तो प्रवास आठवडाभराचा होता आणि संपूर्ण हवाईही नव्हता. लंडनहून बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, मग भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान आणि अलेक्झांड्रियाहून पुन्हा साधे विमान, असे त्याचे टप्पे होते. तरीही बोटीने येणाऱ्या टपालाच्या तुलनेत हा वेग मोठाच होता.

भारताच्या आकाशाचे प्रवेशद्वार म्हणून ब्रिटिशांनी कराचीवर मोठी भिस्त ठेवली होती. आर १०१ या प्रचंड हवाई जहाजासाठी तिथे मोठी शेड उभारण्यात आली होती. ते जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीकडे येताना फ्रान्समध्ये कोसळले आणि शेड रिकामीच राहिली. विमाने मात्र येत राहिली. १९२९ च्या अखेरीस कराची ते दिल्ली हा टप्पाही हवाईमार्गे जोडण्यात आला. मुंबई आणि मद्रास ही दोन मोठी व्यापारी शहरे मात्र या जाळ्याबाहेर राहिली. लंडनहून विमानाने आलेले मुंबईचे पत्र कराचीत उतरे आणि तिथून पुढे रेल्वेने रेंगाळत येई. ही रेल्वे कच्छच्या रणाला वळसा घालून, राजस्थानातून अहमदाबादकडे येत असे. हवेत वाचवलेला वेळ जमिनीवर वाया जात होता.

ही त्रुटी हेरली ती नेव्हिल विन्सेंट यांनी. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे विन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक. भारतात विमान कसरती आणि हवाई फेऱ्या करत ते देशभर हिंडले होते. कराचीला आलेले टपाल अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी मार्गे मद्रासला विमानाने न्यावे, अशी त्यांची योजना होती. जेआरडींना ती तत्काळ पटली. टाटा सन्सचे तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना या धाडसात फारसा रस नव्हता. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी त्यांची समजूत घातली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलाला होकार मिळाला.

सरकारी मंजुरी का रखडली?

खरा अडथळा दिल्लीत होता. जगभरात मंदीचे सावट होते आणि सरकारची नव्या खर्चाला तयारी नव्हती. विन्सेंट आणि जेआरडींनी प्रस्ताव पाठवला, तो परत आला. अटी सैल करून पुन्हा पाठवला. अखेर त्यांनी सरकारी अनुदानाची मागणीच सोडून दिली. टपाल वाहून नेऊ, त्या कामाचा मोबदला तेवढा द्या, इतकेच मागणे उरले. नुकसान झाले तर ते टाटांचे. एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांच्या करारावर सह्या झाल्या. लंडन-कराची सेवा सुरू होऊन तोवर तीन वर्षे उलटली होती.

या वाटेच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसणारी गोष्ट इथेच प्रथम दिसते. वैमानिक होते, विमाने विकत मिळत होती, मार्ग माहीत होता. वेळ गेला तो परवानगीत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी नेमके काय झाले?

कंपनीकडे दोन पुस मॉथ विमाने होती. हे ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे एका इंजिनाचे, बंदिस्त केबिनचे छोटे विमान. वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. वैमानिक मुख्यतः दोनच, जेआरडी आणि विन्सेंट. होमी भरुचा त्यांच्या जोडीला. रेडिओ नव्हता, दिशा दाखवणारी उपकरणे नव्हती. नकाशा, होकायंत्र आणि हिशेबाची सरकपट्टी एवढ्यावर उड्डाण करायचे होते.

जेआरडी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते. सिंधूच्या मुखाजवळचा प्रदेश आणि कच्छचे रण ओलांडून ते अहमदाबादला उतरले. तिथे बर्मा शेल कंपनीचे इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. ते भरून विमान पुन्हा निघाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला पोहोचले. तिथे विन्सेंट दुसरे विमान घेऊन तयारच होते. त्यांनी पुढचे टपाल उचलले, रात्री उड्डाणाची सोय नसल्याने बेल्लारीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले.

या सव्वासात तासांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कराची ते अहमदाबाद हवाई अंतर सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४५ किलोमीटर. म्हणजे सरळ वाटेपेक्षा हा मार्ग सुमारे १६० किलोमीटरने लांब. पण अहमदाबादेत इंधन मिळत होते, तिथले टपालही उतरवता येत होते आणि एकच इंजिन असलेले विमान बराच वेळ समुद्राऐवजी जमिनीवरून जात होते. एकूण १०३५ किलोमीटर, ताशी १६० च्या वेगाने साडेसहा तास. उरलेला वेळ उतरणे, इंधन भरणे आणि पुन्हा निघणे यात गेला. विमान वाटेत कुठेही रेंगाळले नव्हते.

वेळापत्रक कसे पाळले गेले?

एका दिवसाचे यश निराळे आणि दर आठवड्याला तेच करून दाखवणे निराळे. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचे आणि विमान उतरवणे अशक्य होई. म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवला जाई. सह्याद्रीवरचे ढग, कोकणातला पाऊस आणि रेडिओविना उड्डाण अशा परिस्थितीतही सेवा चालू राहिली. पहिल्याच वर्षी कंपनीच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैलांचा प्रवास केला, १५५ प्रवासी नेले आणि सुमारे दहा टन टपाल पोहोचवले. नफा ६० हजार रुपये. टपाल वेळेवर पोहोचवण्याच्या बाबतीत टाटांच्या या छोट्या कंपनीचे उदाहरण सरकारी हवाई खात्यानेही वाखाणले.

जेआरडींच्या दृष्टीने वेळ पाळणे हा सेवेचा गाभा होता. विमानाचा वेग वाढवणे त्यांच्या हाती नव्हते. पण निघण्याची वेळ चुकू न देणे, इंधन तयार ठेवणे, पुढच्या टप्प्याचे विमान सज्ज असणे हे हाती होते. प्रवासाचा एकूण वेळ हा उडण्याचा आणि थांबण्याचा मिळून बनतो आणि थांबण्याचा वेळच माणसाच्या शिस्तीने कमी होतो, हे गणित त्यांनी पहिल्या वर्षापासून पाळले. 

या वाटेला पुढे फाटे फुटले. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा आणि कन्नूरमार्गे त्रिवेंद्रमची सेवा सुरू झाली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात, म्हणजे परका मुलूख. तरी तिथे थांबा होता. १९३८ मध्ये टपाल कोलंबोपर्यंत जाऊ लागले. त्याच वर्षी कंपनीचे नाव टाटा एअरलाइन्स झाले आणि ३४ व्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. विन्सेंट मात्र फार काळ सोबत राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना त्यांचे विमान पाडण्यात आले. भारतीय हवाई सेवेच्या आरंभाचे श्रेय जेआरडी आयुष्यभर विन्सेंट यांच्याशी वाटून घेत राहिले.

फाळणीने काय बदलले?

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत झाले आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे जन्मस्थान परदेशात गेले. ज्या विमानतळावरून पहिले उड्डाण झाले, तो आता पाकिस्तानच्या पहिल्या राजधानीचा विमानतळ होता. सिंधमधून हजारो कुटुंबे बोटींनी, रेल्वेने आणि विमानांनी भारतात आली. त्यांतील अनेकांना कल्याणजवळच्या छावण्यांमध्ये आसरा मिळाला. तिथेच पुढे उल्हासनगर वसले. इलाख्यातील दोन बंदरांमधली वाट एका रात्रीत आंतरराष्ट्रीय झाली. पारपत्र, व्हिसा आणि सीमाशुल्क या शब्दांचा या प्रवासाशी आता संबंध आला.

जेआरडींनी या काळात नजर पश्चिमेकडे वळवली. परदेशी उड्डाणांसाठी सरकारच्या ४९ टक्के भागीदारीतून एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या विमानात जेआरडी होते. सोळा वर्षांपूर्वी लंडनचे टपाल मुंबईत आणण्यासाठी कराचीला जावे लागे. आता मुंबईचे विमान कराचीला न थांबता थेट कैरोला जात होते.

राष्ट्रीयीकरणानंतर जेआरडींचे स्थान काय राहिले?

१९५३ मध्ये सरकारने हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. आपल्याला विश्वासात न घेता हा निर्णय झाला, याचे जेआरडींना दुःख होते आणि सरकारी पद्धतीने हवाई सेवा चालवण्याविषयी त्यांच्या मनात शंकाही होत्या. तरी पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले आणि ते पंचवीस वर्षे सांभाळले. विमानातील पडद्यांच्या रंगापासून चहाच्या चवीपर्यंत त्यांचे लक्ष असे. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना रीतसर पूर्वकल्पना न देता पदावरून दूर केले. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर पुन्हा बोलावले, पण अध्यक्षपद परत आले नाही. 

पोलाद, मोटारी, रसायने, संगणक सेवा अशा उद्योगांचा विस्तार, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाला दिलेले पाठबळ, लोकसंख्येच्या प्रश्नावरील आग्रह हे त्यांच्या कार्याचे अन्य भाग सुपरिचित आहेत. मात्र मनाने ते वैमानिकच राहिले.

तीच वाट पुन्हा दोनदा कशी पार केली?

१५ ऑक्टोबर १९६२ रोजी, पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा जेआरडींनी जुन्या काळच्या छोट्या विमानातून कराची-अहमदाबाद-मुंबई प्रवास पुन्हा केला. एअर इंडियाचा ताफा तोवर संपूर्ण जेट विमानांचा झाला होता. अध्यक्ष मात्र पंखा फिरवणाऱ्या विमानात बसून आले. वय ५८. हे उड्डाण झाले त्या आठवड्यातच चीनशी युद्ध भडकले आणि तीन वर्षांनी पाकिस्तानशी.

१९६५ च्या युद्धाने दोन्ही देशांतील वाहतूक तुटली. १९७१ च्या आरंभी भारतीय विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेऊन जाळण्यात आल्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. त्यानंतर वर्षअखेरीस पुन्हा युद्ध झाले. हवाई दुवा पुन्हा जुळला तो १९७६ मध्ये. 

त्यामुळे १९८२ चे उड्डाण केवळ हौसेचे नव्हते. पन्नासाव्या वर्धापनदिनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून एकट्याने कराची ते मुंबई प्रवास केला. पुन्हा अहमदाबादचा थांबा, पुन्हा जुहूला उतरणे. आरंभीच्या काळातील जिद्द नव्या पिढीला दिसावी, हा हेतू त्यांनी स्पष्ट केला होता. दोन युद्धांनंतरही भारतीय वैमानिक कराचीहून मुंबईला विमान आणू शकला, कारण त्या वर्षी दोन्ही सरकारांची परवानगी मिळाली.

जेआरडींना १९९२ मध्ये भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन झाले. 

आज कराची ते मुंबई किती वेळ लागतो?

थेट सेवा असती तर जेट विमानाला दीड तास पुरला असता. पाकिस्तानचे घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे असल्याने कराचीहून सकाळी नऊला निघालेले विमान मुंबईत अकराच्या सुमारास उतरले असते. पण आज अशी सेवा नाही. कराचीतील भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ आणि २००३ ही दोन वर्षे आकाश बंद होते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने काही महिने आपली हवाई हद्द बंद ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अटारीची जमिनीवरची वाटही बंद झाली आणि व्हिसा स्थगित झाले.

व्हिसा मिळाला असे गृहीत धरले तरी प्रवास दुबईसारख्या शहरामार्गे करावा लागतो. कराची ते दुबई सुमारे ११९० किलोमीटर, दुबई ते मुंबई सुमारे १९३० किलोमीटर. एकूण ३१०० किलोमीटरहून अधिक, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. निव्वळ उड्डाणाचे पाच तास, त्यात दुबईतील थांबा धरला तर आठ तासांच्या आत हा प्रवास बसवणे कठीण. जेआरडींना लागले होते सव्वासात.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिक महिलेने जेआरडींच्या उड्डाणाची आठवण म्हणून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत छोटे विमान आणले. त्या उड्डाणाची सुरुवात कराचीहून नव्हे, तर कच्छमधील भुजहून झाली. तीन महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. जेआरडींनी सुरू केलेली कंपनी घरी परतली. तिच्या पहिल्या वाटेवरचे, भुजच्या पलीकडले काही शे किलोमीटर मात्र अजून वेळापत्रकात परतलेले नाहीत.